राघूची खोली: ऊन, दमटपणा आणि आंघोळीच्या नोंदी

९ फेब्रुवारी

राघू काल रात्री दादरहून आला. मावशीचा राखी आफ्रिकन पोपट. मावशी आता मुलाकडे राहायला जाते आहे, तिथे त्याची सोय होण्यासारखी नव्हती. आमच्याकडे जाई आणि जुई या दोन कॉकटील (तुरा असलेले लहान पोपट) माद्या आधीपासून आहेत. तिघांना मिळून पूर्वेची खोली द्यायचं ठरलं. पुण्यात सहकारनगरातलं हे घर चौथ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. उन्हाळ्यात संध्याकाळी छताखाली नुसतं उभं राहिलं तरी झळ लागते. म्हणून एप्रिलच्या आत खोली तयार करायची आणि त्यानंतर वर्षभर तापमान, आर्द्रता आणि आंघोळ या तिन्हींच्या नोंदी ठेवायच्या, असं काम हाती घेतलं आहे.

कागदपत्रं सगळ्यात आधी. राखी पोपट २०१७ पासून साइट्स या, वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी पक्षी बाळगणाऱ्याला त्यांची नोंद करावी लागते, ताबा बदलला तर तेही कळवावं लागतं. मावशीची नोंद परिवेश या सरकारी पोर्टलवर होती. ताबाबदलाची माहिती आजच भरली.

१२ फेब्रुवारी

तपकीर गल्लीतून दोन डिजिटल तापमापक आणले, आर्द्रताही दाखवणारे. स्वस्त यंत्रांचा तापमानाचा आकडा बऱ्यापैकी खरा असतो, आर्द्रतेचा मात्र भरवसा नसतो. म्हणून मिठाची परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात मीठ भिजेल पण विरघळून जाणार नाही इतकंच पाणी. ते झाकण आणि दोन्ही यंत्रं झिपच्या पिशवीत घालून रात्रभर बंद. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाचा गुणच आहे. सकाळी एक यंत्र ७१ दाखवत होतं, दुसरं ७८. दोन्हींच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहिलं: अधिक ४, उणे ३.

एक यंत्र भिंतीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. दुसरं राघूच्या वरच्या दांडीजवळ, पिंजऱ्याच्या बाहेरून, चोच पोचणार नाही असं.

१७ फेब्रुवारी

पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. राघूचं वजन ४४० ग्रॅम, ठीक आहे. छातीवरची थोडी पिसं त्याने स्वतःच कुरतडली आहेत, खालची राखाडी लव उघडी पडली आहे. परजीवी किंवा बुरशी काही सापडलं नाही. घर बदललं, माणसं बदलली, हे एक कारण असणारच. दुसरं कारण हवा. दादरला खिडकीतून समुद्रावरचं वारं येत होतं. पुण्यात फेब्रुवारीतली दुपार म्हणजे ओठ फुटतील अशी कोरडी. आज दुपारी दांडीजवळ २४ टक्के.

डॉक्टर म्हणाले, "नुसत्या तापमानाच्या मागे लागू नका. कातडी कोरडी पडली की खाज येते, खाज आली की तो पिसांना चोच लावतो. हवेत थोडी ओल आणा, आंघोळीची सवय लावा, पण त्याच्या कलाने." सूर्यफुलाच्या बिया कमी करून गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला सुरू करायलाही सांगितलं. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाला 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं आणि तेही कातडीवर दिसतं.

घरी येताना डोक्यात एकच विचार. राखी पोपट मूळचा विषुववृत्ताजवळच्या आफ्रिकेतल्या ओल्या जंगलांतला. कॉकटील ऑस्ट्रेलियाच्या आतल्या रखरखीत माळांवरचे. दोघांना एकाच खोलीत सुखाने राहता येईल असा मध्य काढायचा आहे. तूर्त २२ ते २९ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता हे लक्ष्य धरलं.

२३ फेब्रुवारी

कुंभारवाड्यातून मातीची परळ आणली. पसरट, जड, आतून खरबरीत. प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाय घसरला की पक्षी पुन्हा त्यात उतरत नाही. परळीत दोन बोटं पाणी, खोलीच्याच तापमानाचं.

राघूसाठी ती अजून पिंजऱ्यात ठेवलेली नाही. राखी पोपट नव्या वस्तूला फार बिचकतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर ठेवली, सकाळी मी तिच्यात बोटं बुडवून पाणी उडवते आणि निघून जाते. तो मान तिरकी करून एका डोळ्याने बघतो. तेवढं पुरे. धरून नळाखाली ओला करणं हा प्रकार या घरात होणार नाही. ज्या हातांनी जबरदस्ती होते त्या हातांवर पक्षी पुन्हा विश्वासाने येत नाही.

२ मार्च

जाई-जुईला फवारा आवडतो. बाटली नवी कोरी घेतली, जिच्यात आधी काहीही भरलेलं नाही. तोटी सगळ्यात बारीक. तोंडावर मारायचा नाही, डोक्यावर हातभर उंच धरायचा, म्हणजे तुषार वरून खाली पडतात. पहिल्या तुषारांना जुईने तुरा सपाट केला, मग हळूहळू उचलला. मग दांडीवर पुढे वाकून एक पंख पूर्ण उघडला, शेपटीचा पंखा केला आणि उलटी लटकली. पंखाखालच्या पिवळट पिसांवर पाण्याचे मणी जमून ओघळायला लागले. जाईने तिचं बघून पाच मिनिटांनी सुरू केलं.

साबण, शाम्पू, गुलाबपाणी यातलं काही नाही. साधं पाणी. कॉकटील आणि राखी पोपट दोघांच्याही अंगावर बारीक पांढरी भुकटी तयार होते, काही पिसं टोकाला चुरत जातात आणि तीच भुकटी इतर पिसांना पाण्यापासून जपते. कोरड्या दिवसांत ती घरभर उडते. फवारा सुरू झाल्यापासून कपाटावरचा थर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

८ मार्च

आज खोलीबाहेरचं काम, पण तितकंच जिवाचं. स्वयंपाकघरातली नॉनस्टिकची भांडी काढली, बिडाचा तवा आणि लोखंडी कढई बाहेर आली. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या थरातून वायू सुटतो. माणसाला कधी वासही येत नाही, पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, जोडीला हवेच्या पिशव्या असतात. उडायला प्राणवायू भरपूर मिळावा म्हणून झालेली ही रचना. म्हणूनच विषही तितक्याच झपाट्याने भिनतं. काही हीटर आणि उष्णतेच्या दिव्यांवरही तोच थर असतो, हे थंडीतल्या खरेदीसाठी आत्ताच लिहून ठेवते.

डासांची कॉइल बंद, खिडक्यांना जाळी. उदबत्ती-धुपाचं आईशी बोलायला मी जरा कचरत होते. आई म्हणाली, "देवाला फुलं वाहते, निरांजन लावते. मुक्या जिवाचा श्वास कोंडून केलेली पूजा कुठल्या देवाला चालेल?"

१६ मार्च

छताचा हिशोब. दुपारी तीनला भिंतीवरचं यंत्र ३१.५, दांडीवरचं ३३. रात्री आठला बाहेर वारा सुटला, अंगणात गारवा, भिंतीवर ३१ आणि दांडीवर अजून ३३.२. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळनंतर खाली सोडते. गरम हवा वर साचते, आणि पोपटाला बसायला आवडते ती सगळ्यात उंच दांडी. आपण खाली खुर्चीत बसून 'बरं आहे की' म्हणतो तेव्हा पक्षी आपल्यापेक्षा दीड-दोन अंश जास्त उकाड्यात असतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा तर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतला, सावलीतला, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवरचा. शहरासाठी तो बरोबर आहे. राघूसाठी राघूच्या दांडीवरचा आकडा खरा.

पिंजरे दीड फूट खाली घेतले. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे गच्चीला चुना मारायची परवानगी मागितली. "मार की, आमच्याही बेडरूमला बरं," म्हणाले.

२९ मार्च

चुन्याचे दोन हात झाले, पकड यावी म्हणून त्यात फेव्हिकॉल. बुरूड आळीतून बांबूचे चिक आणून पूर्वेच्या खिडकीला बाहेरून लावले, त्याच्यापुढे हिरवी शेडनेट. पडदा काचेच्या आत लावला तर ऊन काच ओलांडून आत येतंच आणि पडदा तापून उष्णता खोलीतच टाकतो. काचेच्या बाहेर अडवलं तर ते आत शिरत नाही. छताचा पंखा काढून टाकला. उडता पक्षी आणि फिरतं पातं एका खोलीत नको, बटणाला चिकटपट्टी लावून भागत नाही. भिंतीवर जाळीचा लहान पंखा लावला, झोत पिंजऱ्यांच्या बाजूने जाईल असा.

बाहेर ३७ असताना दांडीवर आज संध्याकाळी ३१.८. मार्चच्या मध्याला बाहेर यापेक्षा कमी ऊन असून आत ३३ होतं.

६ एप्रिल

कूलर घ्यायचा की एसी, यावर घरात दोन दिवस खल. शेवटी प्रयोग केला. दोन साधे काचेचे तापमापक, एकाच्या फुग्याला मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलं आणि दोन्ही पंख्यासमोर धरले. गॅलरीत कोरडा ३८, ओला २१. आर्द्रता १८ टक्के. ओल्या फडक्याच्या आकड्यापर्यंत कूलर कधी पोचत नाही, पण बराच जवळ जातो. म्हणजे पुण्याच्या एप्रिलमध्ये कूलर दोन कामं एकदम करतो, हवा थंड करतो आणि राघूला हवी ती ओलही देतो. एसी आमच्या झोपायच्या खोलीत आहे, तो अडचणीसाठी राखून ठेवला.

कूलर दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवला, समोरची खिडकी चार बोटं उघडी. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर तासाभरात खोली कोंदट करून टाकतो. आर्द्रता ६० च्या वर गेली की पाण्याचा पंप बंद, नुसता पंखा चालू. टाकीतलं पाणी रोज बदलायचं, वाळ्याच्या ताट्या आठवड्याला उन्हात. ओल्या ताट्यांवर बुरशी धरते आणि तिचे बीजाणू झोताबरोबर थेट पक्ष्यांच्या छातीत जातात. राखी पोपटांना ॲस्परजिलस बुरशीचा आजार इतरांपेक्षा लवकर होतो, तेव्हा इथे आळस चालणार नाही.

१४ एप्रिल

या उन्हाळ्यातला आत्तापर्यंतचा सगळ्यात तापलेला दिवस, त्यात साडेबाराला वीज गेली. दोन वाजता दांडीवर ३४.५. आधी जाई: पिसं अंगाला घट्ट चिकटवलेली, पंख खांद्यापासून सुटे धरलेले, चोच किंचित उघडी. घसा भराभर हलत होता. राघू अजून चोच मिटून होता, पण पंख सैल झाले होते.

पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगाचं नेहमीचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास. उष्णता टाकायला त्याच्याकडे श्वासातली वाफ, उघडे पाय, चोच आणि पंखांखालची विरळ जागा एवढंच असतं. पाय आणि पंखांखाली साध्या पाण्याचे तुषार दिले, बर्फाचं पाणी नाही. फ्रीझरमधल्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला बाहेरून टेकवल्या. एकाच बाजूला ठेवायच्या, म्हणजे जवळ जायचं की लांब बसायचं ते पक्षी ठरवतो. जाई पाच मिनिटांत बाटलीकडे सरकली. वीस मिनिटांनी चोच मिटली, पंख अंगाशी आले, आणि मी खाली बसले.

आजपासून नियम: चोच उघडी दिसेपर्यंत थांबायचं नाही. पंख सैल झाले की हालचाल करायची. दांडीवर ३२ झालं की बाटल्या तयार.

१९ एप्रिल

खालच्या काकूंनी हाक मारली. गुलमोहराखाली एक रानपोपट, लाल चोचीचा, पंख पसरून पडलेला. त्या चमच्याने चोचीत पाणी घालायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. गुंगीतल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली, तळाला सुती कापड, सावलीत ठेवला, पायांवर दोन-चार तुषार. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन केला. तासाभराने तो खोक्यातच उठून बसला. संध्याकाळी माणसं येऊन घेऊन गेली.

काकूंची नात विचारत होती, आपणच ठेवूया का. तिला जवळ बसवून सांगितलं. हा आपल्या रानातला पक्षी, १९७२ च्या कायद्याने त्याला पाळता येत नाही. आणि कायदा नसता तरी ज्याचा थवा रोज संध्याकाळी पर्वतीवरून ओरडत जातो त्याला पिंजऱ्यात कशाला ठेवायचं? ती थोडी रडली. मग दोघींनी मिळून गच्चीवर सावलीत पाण्याच्या परळी ठेवल्या.

१२ मे

वळीव! चारला मळभ आलं, साडेचारला धूळ, मग पत्र्यावर टपोरे थेंब. जाई-जुई दोघी जाळीला उलट्या लटकून पंख उघडून बसल्या, पाणी त्यांच्यापर्यंत येतही नव्हतं.

आणि राघू परळीत उतरला. मार्चपासून परळ स्टुलावरून टेबलावर, टेबलावरून पिंजऱ्याच्या छपरावर, तिथून आत सरकत आली होती. तो कडेवर बसून पाणी प्यायचा, त्यापुढे कधी गेला नव्हता. आज पावसाचा आवाज वाढला तशी त्याने एक नखी पाण्यात घातली, काढली, झटकली. पुन्हा घातली. मग छाती खाली नेऊन डोकं बुडवलं आणि एकदम वर केलं, पाणी मानेवरून पाठीवर गेलं. दोन्ही पंख इतक्या जोरात फडफडवले की परळ रिकामी आणि माझा चष्मा ओला. शेपटीचा लाल रंग भिजल्यावर गडद होतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. आईला हाक मारली तर ती दारातच उभी होती, डोळे भरून.

आवाजाचं लक्षात ठेवायचं. उद्यापासून आंघोळीच्या वेळी शेजारी बादलीत नळाची धार सोडून बघायची.

२० मे

धारेचा उपाय लागू पडला. मिक्सर लावला तरी उतरतो.

२४ जून

सगळा हिशोब उलटा. बाहेर ३१ अंश, आर्द्रता ७० टक्के. ओल्या फडक्याचा तापमापक २६ च्या वर. कूलर आता फार तर तीन-चार अंश उतरवेल आणि खोलीतली हवा डबक्यासारखी करेल. बंद केला. ताट्या काढून धुतल्या, कडक उन्हाची उघडीप मिळाली तेव्हा वाळवून कागदात गुंडाळून माळ्यावर.

उन्हाळ्यात मी आंघोळीकडे गारव्यासाठी बघत होते. पावसाळ्यात कळतं की आंघोळीचा खरा प्रश्न वाळण्याचा आहे. पक्ष्याची ऊब पिसांत नसते, पिसांमध्ये अडकलेल्या हवेत असते. पिसं भिजली की हवेचा तो थर जातो. एप्रिलमध्ये राघू अर्ध्या-पाऊण तासात कोरडा व्हायचा. आज सकाळी नऊला अंघोळ केली, अकरा वाजले तरी पोटाखाली ओल. वरून बघून समजत नाही. पाठीवर हळूच फुंकर मारली की वरची पिसं बाजूला होतात आणि खालची लव दिसते. लव भुरभुर हलली तर कोरडा, कातडीला चिकटलेली दिसली तर अजून ओला.

म्हणून पावसाळ्याची पद्धत वेगळी. आर्द्रता ७५ च्या वर असेल तर फवारा नाही. परळ सकाळी दहाच्या आत ठेवायची, बारा वाजता उचलायची, पाणी एक बोटच. जाळीचा पंखा सगळ्यात हळू, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे हवा हलते पण अंगावर झोत येत नाही. केस वाळवायचं यंत्र वापरायचं नाही: त्यातल्या काहींच्या आत तोच नॉनस्टिकचा थर असतो, शिवाय पिसांखालची पातळ कातडी भाजते. जाई-जुईला फवाऱ्याऐवजी मंडईतून आणलेल्या कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या. पानांत अंग घासून त्या हवं तेवढंच भिजतात.

१० जुलै

आठवडाभर झड. खोलीत ८६ टक्के. दुपारी तासभर एसीचा ड्राय मोड लावून दार उघडं ठेवलं, पलीकडच्या खोलीतून ६८ पर्यंत खाली आलं. शेंगदाणे पूर्ण बंद. दमट दिवसांत त्यावर धरणारी बुरशी आपल्याला दिसायच्या आधी पक्ष्याच्या यकृतापर्यंत पोचते. बियांचा डबा आता फ्रीजमध्ये.

१८ ऑगस्ट

राघूची पिसं झडायला लागली आहेत, आणि उघड्या छातीवर नवे कोंब. बारीक, टोकदार, शाई भरलेल्या रिफिलसारखे: आत रक्त असतं तोवर बुंधा जांभळट दिसतो. ते वाढले की रक्त मागे हटतं आणि वरचं पांढरं वेष्टण सुकून भुगा होऊन पडतं. आंघोळीने वेष्टण मऊ होतं. डोक्यावरच्या कोंबांना त्याची चोच पोचत नाही, म्हणून तो मान वाकवून माझ्यासमोर धरतो. अंघोळीनंतर, पूर्ण सुकलेल्या कोंबांचंच वेष्टण दोन बोटांत हलकं चोळायचं. जांभळट दिसतो त्या कोंबाला हात लावायचा नाही, दुखतं आणि तुटला तर रक्त वाहतं.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. राघू ४५२, जाई ९१, जुई ८८.

८ ऑक्टोबर

ऑक्टोबरची तलखी. आर्द्रता ४० वर उतरली, फवारा पुन्हा सुरू. कूलर काढायची वेळ आली नाही, चिक खाली सोडले की भागतं.

नरक चतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर भाची उटण्याची वाटी घेऊन राघूच्या खोलीत. "मावशी, याला पण लाव ना!" तिला त्याचं गळालेलं एक पीस दिलं, तेलाचं एक बोट लावायला सांगितलं आणि फुंकर मारून बघ म्हटलं. पिसाचे धागे एकमेकांना चिकटले, मधे हवा धरायला जागाच उरली नाही. तिला लगेच पटलं. राघूला साध्या पाण्याची परळ, तिने स्वतः भरली, भोवती झेंडूच्या पाकळ्या.

संध्याकाळी खिडक्या बंद, जाड पडदे, मंद दिवा. कॉकटील अंधारात आवाजाला दचकल्या तर पिंजराभर आपटत सुटतात, म्हणून पूर्ण काळोख करत नाही. धूर उतरेपर्यंत आंघोळ नाही, कूलर नाही, बाहेरची हवा आत घेणारं काही नाही.

२१ डिसेंबर

पहाटे गॅलरीत ११ अंश, दांडीवर १७.५. दुपारी बाहेर २९. पुण्याची थंडी आकड्याने फार नाही, पण पहाट आणि दुपार यांच्यात सतरा-अठरा अंशांचं अंतर पडतं. निरोगी, हळूहळू सरावलेला पक्षी १७ अंश सोसतो. एकदम उतरलेलं तापमान सोसत नाही. रात्री खिडकी बंद, पिंजऱ्यावर तीन बाजूंनी जाड चादर, समोरची बाजू श्वासाला उघडी.

जुई सकाळी फुगून बसली होती, एक पाय पोटात. थंडी वाजणाऱ्या पक्ष्याचं हे नेहमीचं बसणं. पण ऊन आल्यावर आठला पिसं बसायला हवीत. नऊलाही फुगलेली, डोळे मिटलेले, वजन ८५. वाट बघितली नाही, डॉक्टरांकडे नेली. सर्दीची सुरुवात. औषध आणि चार दिवस २९ अंशांची ऊब. त्यासाठी सिरॅमिकचा उष्णता देणारा गोळा, बिनप्रकाशाचा, नॉनस्टिकचा थर नसलेला, हे दुकानदाराकडून खोक्यावर वाचून घेऊन मगच विकत घेतला. पिंजऱ्याच्या बाहेर एका बाजूला, थर्मोस्टॅटला जोडून. साधा बल्ब रात्रभर लावला असता तर झोपच झाली नसती. शेगडीचा विचारही नको, कोळशाचा वायू.

२७ डिसेंबर

जुई ८८ वर परत. तुरा उभा, ओरडा सुरू. गोळा रोज दोन अंशांनी उतरवत बंद केला.

१४ जानेवारी

थंडीतली आंघोळ दुपारी बारा ते एक, त्या वेळी खिडकीतून ऊन परावर्तित होऊन येतं आणि दांडीवर २४ असतं. चारच्या आत लव कोरडी नसेल तर दुसऱ्या दिवशी पाणी कमी. हवा पुन्हा कोरडी झाली आहे, ३० टक्के. पिंजऱ्यामागे रुंद तोंडाच्या पातेल्यात पाणी आणि त्यावर ओला पंचा टांगल्यावर ४१. राघूच्या छातीवर पिसं भरली आहेत, डाव्या बाजूला एक चतकोर जागा राहिली आहे. तिथे अजून अधूनमधून चोच जाते, विशेषतः मी दोन दिवस गावाला गेले की. ते हवेचं काम नाही, सोबतीचं आहे. आई आता दुपारी तिथे बसून तांदूळ निवडते.

२ फेब्रुवारी

मार्चपूर्वीची कामं. गच्चीवरचा चुना पावसाने उतरला आहे, दोन हात नव्याने. शेडनेटच्या कड्या गंजल्या, पितळी बसवायच्या. तापमापकांची मिठाची परीक्षा परत घेतली: पहिलं यंत्र आता अधिक ६, दुसरं उणे ३ च. वाळ्याच्या जुन्या ताट्या टाकून नव्या घ्यायच्या. ताई पुढच्या महिन्यात आठवडाभर पक्षी सांभाळणार आहे, तिच्यासाठी फ्रीजवर कागद लावला: दांडीवरचा आकडा, फुंकर मारून लव बघायची पद्धत, डॉक्टरांचा नंबर आणि पंपाचं बटण कुठलं ते.